वहिवाटीचे रोग

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. पुढे तेथील प्रयोगशाळेत तपासणीसाठी येणारे मांसखंड सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळीत असता विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या ध्यानात आले की, काही पुरुषांना होणारा कातडीचा कर्करोग चेहऱ्यावर नव्हे, हातापायांवर नव्हे, तर नेमका कमरेच्या त्या पट्ट्यावर उद्भवतो, जेथे धोतराचा वेढा रोज, जन्मभर, आवळून बसविलेला असतो. घाम आणि घर्षण यांमुळे तेथील कातडीचा रंग प्रथम पालटतो, मग ती जाड आणि खरखरीत होते, पुढे तेथे भरून न येणारी जखम होते, आणि कित्येक वर्षांनी त्या जखमेतच कर्करोग मूळ धरतो. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या निबंधात खानोलकरांनी हा रोग वर्णिला, त्यातच त्यांनी मळलेली तंबाखू आणि चुना खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना त्याच खळगीत होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद केली. त्या निबंधाच्या मथळ्यात कर्करोगाचा संबंध त्यांनी ज्या गोष्टीशी जोडला होता, तिला मराठीत 'वहिवाट' याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

वहिवाट हा शब्द आपल्याकडे महसुलाच्या दप्तरातून घरोघर गेला. एखाद्या बांधावरून कोणी वर्षानुवर्षे जात-येत राहिला आणि मालकाने हरकत घेतली नाही, म्हणजे त्या वाटेवर त्याचा हक्क लागतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. शरीराचेही काहीसे असेच आहे. जी सवय आपण त्याच्यावर लादतो तिच्याविरुद्ध ते वीस-वीस, तीस-तीस वर्षे फिर्याद करीत नाही. पेशींना झालेली इजा ते मुकाट्याने दुरुस्त करीत राहते, पण प्रत्येक दुरुस्ती निर्दोष होतेच असे नाही. पेशीच्या गुणसूत्रांत राहून गेलेले एकेक वैगुण्य पुढच्या पिढीच्या पेशींकडे जात राहते आणि अशा वैगुण्यांचा साठा पुरेसा झाला की एखादी पेशी शरीराचा अंमल झुगारून आपल्याच हिशेबाने वाढू लागते. सवय आणि रोग यांच्यामध्ये हे जे दीर्घ अंतर असते, त्यामुळेच माणसाला त्यांचे नाते दिसत नाही. मात्र त्याच अंतरात माणसाला मागे फिरण्यास अवधीही मिळतो. धोतराच्या कर्करोगावरचा प्रतिबंधक उपाय तर इतका साधा की तो सांगताना वैद्यालाही संकोच वाटावा : वेढा सैल बांधावा, त्याची जागा बदलावी, आणि कमरेच्या कातडीचा रंग पालटला तर दुर्लक्ष करू नये. ही गोष्ट केवळ जुन्या काळची नव्हे. साडीखाली परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ एकाच जागी घट्ट बांधण्याने कमरेवर असाच कर्करोग झालेल्या वृद्ध स्त्रियांची हकीकत वर्ध्याच्या आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली आहे.

रोग हा भोग आहे, पूर्वसंचिताचे फळ आहे, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजलेली आहे की तिच्यापुढे उपदेश व्यर्थ ठरतो, आणि म्हणून मी येथे उपदेशाऐवजी दाखले देणार आहे. पहिला दाखला लंडनचा. धुराडी झाडण्यासाठी लहानपणापासून काजळीत उतरविल्या जाणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण कातडीच्या वळ्यांत साचलेली काजळी हे आहे, असे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली लिहिले. त्यानंतर १४० वर्षांनी, १९१५ साली, जपानमध्ये यामागिवा यांनी सशाच्या कानांवर डांबर पुन्हापुन्हा चोळून तेथे प्रत्यक्ष कर्करोग उत्पन्न करून दाखविला. दुसरा दाखला आपल्या मुंबईचा आहे आणि माझ्या मते तो या दोहोंहूनही बोधप्रद आहे.

१९६३ साली मुंबईत कर्करोगाच्या नोंदणीचे कार्यालय सुरू झाले. संबंध शहराच्या लोकसंख्येतील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारे भारतातील असे हे पहिलेच दप्तर. त्यातील आकडे जातिधर्मवार मांडून डॉ. दाराब जस्सावाला आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० साली जो ताळा प्रसिद्ध केला, त्यात एकाच शहरात राहणाऱ्या, एकाच समुद्रावरील हवा घेणाऱ्या लोकांमध्ये विलक्षण तफावत दिसून आली : पारशी समाजात तोंडाचे व घशाचे कर्करोग इतर मुंबईकरांच्या मानाने फारच थोडे, आणि पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग मात्र पुष्कळ अधिक. अग्नीला पवित्र मानणाऱ्या धर्मात धूम्रपान निषिद्ध, आणि तंबाखूचे वेडही त्या समाजात कमी. उलट मुली शिकलेल्या, लग्ने उशिरा, मुले थोडी, आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका उशिराच्या पहिल्या बाळंतपणाने व थोड्या बाळंतपणांनी वाढतो. एका वहिवाटीने रोगाला दार लावून घेतले, दुसरीने ते किलकिले केले. पण दोन्ही ठिकाणी दार होते, भिंत नव्हती. जपानी कुटुंबे अमेरिकेत जाऊन वसली तेव्हाही हेच दिसले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग ओसरला आणि मोठ्या आतड्याचा व स्तनाचा वाढला. रक्त तेच, मुलूख आणि ताट बदलले.

पारशी स्त्रियांच्या या दाखल्यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की मुलींनी लवकर लग्न करावे आणि पुष्कळ मुले प्रसवावीत. शिक्षणाने स्त्रीचे जे आयुष्य वाढते आणि उजळते, त्याची किंमत या तागडीत मोजताच येत नाही. त्याच शास्त्राने आपल्या हाती दुसरे साधनही दिले आहे. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनानुसार, अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो. म्हणून बाळंतपणाची रजा देणारा मालक, घरात सुनेला दूध पाजण्यास निवांत जागा देणारी सासू, कारखान्याशेजारी पाळणाघर काढणारी नगरपालिका, हे सर्व माझ्या हिशेबी कर्करोगाविरुद्धच्या लढाईतले शिपाई आहेत.

आता तंबाखूकडे वळतो, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्राच्या बाबतीत इतर सर्व कारणे एका पारड्यात टाकली तरी तंबाखूचे पारडे जड राहील.

हे पान आपले नव्हे. ते अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आले आणि उत्तरेच्या आधी दक्षिणेत रुजले. अकबराचा वकील म्हणून विजापुरास गेलेला असद बेग १६०४ च्या सुमारास परतताना रत्नजडित चिलमीसह तंबाखू घेऊन दरबारात रुजू झाला, बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, आणि तरीही थोड्याच दिवसांत सरदारांत तिची चाल पडून व्यापारी ती विकू लागले, अशी त्याचीच कैफियत आहे. १६१७ साली जहांगिराने मनाईचे फर्मान काढले. ते कोणी पाळले नाही. मनाई आणि वहिवाट यांच्या झगड्यातला आपल्या देशातला हा पहिला निकाल, आणि पुढच्या चारशे वर्षांत तो फारसा फिरलेला नाही.

आपल्या मुलखात तंबाखूने जी रूपे घेतली त्यांत ओढण्यापेक्षा चघळण्याची व चोळण्याची रूपे अधिक. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश तंबाखूचे सेवन करणारे आढळले, आणि त्यांतील बहुतेक धुराविना. शेतावरचा गडी तळहातावर चिमूटभर तंबाखू आणि नखभर चुना घेऊन अंगठ्याने मळतो, दुसऱ्या हाताने थापटून धूळ उडवितो आणि बार गालफडात किंवा ओठामागे धरतो. चुना येथे केवळ चवीसाठी नसतो; त्याच्या क्षाराने तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून झटकन रक्तात उतरते, म्हणून तर चुन्यावाचून तरतरी येत नाही. गोव्यात काही स्त्रिया धुमटी नावाची तंबाखूची विडी जळते टोक तोंडात धरून ओढीत, आणि त्यांच्या टाळूवर त्याचे चट्टे उमटत. आणि घराघरांत मशेरी.

माझ्या लहानपणी आत्याबाईंचा मशेरीचा तवा चुलीमागे वेगळा उभा केलेला असे. त्या तव्यावर भाकरी कधी पडत नसे. आठवड्यातून एकदा त्यावर तंबाखूची पाने काळी होईतो भाजली जात, घरभर खकाणा उठे, आम्ही मुले शिंकत अंगणात पळत असू, आणि मग ती राख-पूड डबीत भरली जाई. पहाटे दळण होण्यापूर्वी, जेवणानंतर आणि दुपारी भांडी झाल्यावर आत्याबाई उंबऱ्याशी बसून तर्जनीने हिरड्यांवर ती चोळीत, आणि त्या पाव घटकेपुरते त्यांना कोणी हाक मारीत नसे. हे मी मुद्दाम सांगतो. दात घासण्यासाठी, दाढदुखी थांबावी म्हणून, पोट साफ व्हावे म्हणून मशेरी लावतो असे स्त्रिया सांगतात, आणि ते खरेही असते. पण दिवसभर दुसऱ्यांसाठी उभ्या असलेल्या बाईला बसण्याचे एवढे एकच निमित्त उरलेले असते, हेही तितकेच खरे आहे. ज्या वहिवाटीने माणसाची एखादी गरज भागते ती केवळ धाक घालून मोडत नाही, त्या गरजेची दुसरी सोय लावावी लागते.

तंबाखू वाळविताना व मुरविताना तिच्यात नायट्रोसामीन नावाची द्रव्ये तयार होतात, काही तोंडातही होतात, आणि ही द्रव्ये पेशींच्या गुणसूत्रांना प्रत्यक्ष इजा करतात. सुपारीचे दुष्कृत्य निराळे आहे. ती निरुपद्रवी, मंगलकार्यातली, तंबाखूशिवाय खाल्ली तर काय बिघडते, असा आपला समज. परंतु केवळ सुपारीनेही कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. सुपारीने गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे दाटत जाते, गाल ताठ होतात, तिखट सोसेनासे होते, आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. पूर्वी हा विकार हळूहळू जडे. गुटख्याच्या पुड्यांनी तो महाविद्यालयात जाणाऱ्या पोरांच्या तोंडापर्यंत आणून सोडला. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तेव्हा सुगंधी सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी तजवीज झाली, आणि गिऱ्हाईक त्या दोन्ही आपल्या तोंडात एकत्र करू लागले. बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. ती अपुरी होती, आणि शाळेच्या फाटकाजवळची टपरी जोवर हटत नाही तोवर तिला बंदी म्हणणेही कठीण आहे.

मग वहिवाट मोडते तरी कशी? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यात गावोगाव फिरले आणि त्यांनी एक लाख एक हजार सातशे एकसष्ट ग्रामस्थांची तोंडे तपासली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाने, आणि इतर प्रांतांतील त्यांच्या अभ्यासांनी, कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकणारे तोंडातील पांढरे चट्टे तंबाखूच्या पाठोपाठ चालतात हे निर्विवाद केले. त्याहून मोलाचे काम त्यांनी पुढे केले. केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम आणि गुजरातेतील भावनगर या तीन जिल्ह्यांतील ३६ हजार तंबाखूसेवकांकडे माणसे पाठवून, समक्ष बोलून, बोलपट दाखवून आणि वर्तमानपत्रांतून लिहून त्यांना तंबाखू सोडण्यास सांगितले, आणि वर्षांमागून वर्षे पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन त्यांची तोंडे पाहिली. सोडणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ज्यांनी सोडली वा कमी केली त्यांच्या तोंडात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. यात महागडे औषध नव्हते. ओळखीचा माणूस दरवर्षी घरी येऊन आपुलकीने चौकशी करीत होता, एवढेच होते.

सोडून उपयोग काय, आता वय झाले, असे म्हणणाऱ्यासाठी विलायतेतला एक हिशेब सांगतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांकडूनच त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागविली आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याचा मागोवा तब्बल पन्नास वर्षे घेतला. २००४ साली जमाखर्च मांडला तेव्हा असे निघाले की, तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा, आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन. फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण रस्त्यांवरील डांबर असावे असा, या अभ्यासाच्या आधीच्या पाहणीच्या आरंभी, डॉल यांचा अंदाज होता. आकडे जमू लागले तसे त्यांनी स्वतःचेच धूम्रपान थांबविले.

मद्याविषयी थोडक्यात. दारूचे शरीरात जे रूपांतर होते त्यातील ॲसिटाल्डिहाइड हे द्रव्य गुणसूत्रांना बाधक आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या सर्वांच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध आहे, आणि तंबाखूच्या जोडीला ती आली म्हणजे धोक्यांची बेरीज न होता गुणाकार होतो.

बसून राहण्याचे तसेच. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकाराचे झटके बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा कमी आले. त्यानंतरच्या संशोधनाने बसून राहण्याची ही सावली आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावरही पडते हे दाखविले. आपल्या लोकांनी येथे एक फसगत ओळखून ठेवावी. अंगाने बारीक म्हणजे निरोगी, असे आपण धरून चालतो. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व अर्भकांचा जो अभ्यास केला, त्यात आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगी स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते असे आढळले. म्हणून काट्यापेक्षा कमरेचा घेर पाहावा. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे हडकुळ्या माणसालाही गाठतात, आणि वाढलेला घेर आतड्याच्या व इतर काही कर्करोगांचाही वाटाड्या होतो. आहाराविषयी बाजारात जे अनेक रामबाण फिरत असतात त्यांबद्दल लिहून मी कागद खर्ची घालणार नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, फळ, थोडे तेल, थोडे मीठ, हा ज्या घरचा रोजचा स्वयंपाक आहे, त्या घराला नवे काही शिकविण्याजोगे आहारशास्त्रापाशी फारसे नाही.

काही वहिवाटी मोडायच्या असतात, तशा काही नव्याने पाडाव्या लागतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पॅपिलोमा विषाणूने होतो हे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखविले. ही बाधा पुष्कळांना होते आणि बहुतेकांच्या नकळत जाते. काही स्त्रियांत ती ठाण मांडते आणि दहा-वीस वर्षांनी रोगाचे रूप घेते. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्याने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, १९९९ साली तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा जो अभ्यास सुरू झाला, त्याचा निष्कर्ष जगभर मान्य झाला : या विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली तरी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन, सौम्य व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करविली, आणि तेवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तपासणीस येण्यास बायका लाजत, घरचे सोडीत नसत, पैसा कशाला असे विचारीत. त्या गावांतून आणि वस्त्यांतून दारोदार फिरून, आयाबहिणींशी बोलून त्यांना आणणाऱ्या अनाम कार्यकर्त्या स्त्रियांचे ऋण या निष्कर्षावर आहे. आता मुलींसाठी या विषाणूवरची लस पुण्यात तयार होते. नऊ ते चौदा या वयात ती देणे सर्वांत गुणकारी.

एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. सुपारीचे खांडही न चघळलेल्या, नियमाने चालणाऱ्या, साधे जेवणाऱ्या माणसालाही कर्करोग होतो, लहान मुलांनाही होतो. पेशींच्या दुरुस्तीत चूक केवळ योगायोगानेही राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की तीस ते पन्नास टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. याचा अर्थ उरलेले आज तरी कोणाच्या हातात नाहीत. म्हणून रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून 'तुझ्याच हाताने ओढवलेस' असे म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण क्रौर्यही आहे. सवयीची चौकशी रोगाच्या आधी करावी. रोग झाल्यावर फक्त शुश्रूषा करावी.

आत्याबाईंनी मशेरी साठीनंतर सोडली. गालात एक पांढरा चट्टा उठला होता, तो तालुक्याच्या दंतवैद्याने पाहिला आणि तवा मोडीत द्यायला सांगितला. पहिले चार दिवस त्या चिडचिडल्या, दहा दिवस शौचास होईना, आणि त्यांचे हात रिकामे आहेत हे आम्हा सर्वांना प्रथमच दिसले. मग त्या वेळेला आमची काकू उंबऱ्याशी त्यांच्याजवळ बडीशेपेची वाटी घेऊन बसू लागली. वैद्याने त्यांना दर महिन्याला एक करायला सांगितले होते, ते त्या अखेरपर्यंत करीत आल्या, आणि ते कोणालाही करता येईल : सकाळच्या उजेडात आरशासमोर चूळ भरून बसावे, ओठ उलटून पाहावेत, बोटाने गाल बाहेर ओढून आतले अस्तर, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा न्याहाळावी, पांढरा वा लाल चट्टा, गाठ किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे का ते पाहावे, आणि शेवटी तोंड पूर्ण उघडून आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी आत जातात की नाही ते पाहावे. जात नसतील तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयातील दंतविभागात जावे.